शिस्त: पोलिसांच्या कोरड्या सरावाचा आढावा

सकाळी सातची वेळ. प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर शिकाऊ उपनिरीक्षकांची तुकडी एका रांगेत उभी असते. प्रत्येकाच्या हातात 9 मिलिमीटरचं पिस्तूल, समोर मातीचा उंच बांध. पिस्तुलं रिकामी आहेत. उस्तादांनी प्रत्येकाचं मॅगझिन काढायला लावलंय, चेंबर डोळ्यांनी पाहिलंय, बोटानं चाचपलंय. मग ते पहिल्या मुलाजवळ येतात, खिशातून पितळी पुंगळी काढतात आणि त्याच्या पिस्तुलाच्या सपाट पाठीवर, माशीच्या लगत, उभी करून ठेवतात. “ओढ चाप. पुंगळी पडता कामा नये.” मुलगा श्वास आवरतो, बोट वळतं, खट् असा आवाज येतो आणि पुंगळी गवतात. उस्ताद ती उचलून पुन्हा ठेवतात. पुन्हा पडते. सहा वेळा असंच होतं. सातव्या वेळी खट् होतं आणि पुंगळी जागच्या जागी उभी राहते. बोट हललं, हात हलला नाही, हे त्या मुलाला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं.

एकही गोळी न झाडता केलेल्या या सरावाला पोलिसांच्या बोलीत ‘ड्राय प्रॅक्टिस’ किंवा ‘ड्राय फायर’ म्हणतात. आपण त्याला कोरडा सराव म्हणू. हत्यार खरं, हालचाली खऱ्या, फक्त काडतूस नाही. जगभरच्या सैन्यांत, पोलीस दलांत आणि नेमबाजीच्या आखाड्यांत तो शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. तरी आपल्याकडे प्रशिक्षणाचे महिने संपले की तो बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जातो. हे का होतं, या सरावातून नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही आणि त्यात धोका कुठे आहे, याचा हा आढावा आहे.

कवायतीच्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द जुन्या मराठीतही नेम या अर्थानं वापरात होता. पुढे आपण त्याला वळण, नियम, टापटीप या अर्थानं रूढ केलं आणि नेमाचा अर्थ मागे पडला. कोरड्या सरावात हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात. नेम हवा असेल तर वळण हवं, आणि वळण रोजच्या सवयीशिवाय लागत नाही.

चाप ओढताना काय घडतं

पिस्तुलाचा नेम दोन खुणांवर उभा असतो: मागची खाच आणि पुढची माशी. सर्वसाधारण सेवेच्या पिस्तुलात या दोहोंमधलं अंतर 16-17 सेंटीमीटर असतं. चाप ओढताना माशी खाचेच्या मध्यापासून अवघा एक मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 15 सेंटीमीटर बाजूला जाते. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या साधारण दुप्पट. लक्ष्याच्या शेजारी कुणी उभं असेल, तर या एका मिलिमीटरवर त्याचा जीव अवलंबून असतो.

आता त्या मिलिमीटरवर कोणता जोर येतो ते पाहू. ग्लॉक जातीच्या पिस्तुलाचा नेहमीचा चाप साधारण अडीच किलोच्या ओढीनं सुटतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अनेक वर्षं मुद्दाम जड चाप वापरला, त्याला 12 पौंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलो ओढ लागते. रिकामं पिस्तूल मात्र एक किलोचंही नसतं. पिस्तुलाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर एका बोटानं लावायचा आणि बाकीची नऊ बोटं निश्चल ठेवायची, हे कौशल्य उपजत कुणालाच नसतं. मुठीची सगळी बोटं एकदम आवळणं हीच माणसाची नैसर्गिक प्रवृत्ती. सराव म्हणजे ती प्रवृत्ती मोडणं.

दुसरा शत्रू म्हणजे दचकणं. कानाजवळ स्फोट होणार आणि हाताला झटका बसणार, हे शरीर पहिल्या दहा-वीस गोळ्यांतच शिकतं. मग चाप सुटण्याच्या निमिषभर आधीच मनगट खाली दाबलं जातं, डोळे मिटतात. गोळी खाली जाते. खऱ्या गोळीच्या धक्क्यात ही चूक झाकली जाते आणि झाडणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून कसलेले उस्ताद मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्ये एखादं नकली ड्रिल काडतूस, शिकणाऱ्याला न सांगता, भरतात. त्या नकली काडतुसावर चाप ओढला की धमाका होत नाही आणि नळी मात्र खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. दोष उघडा पडला की औषध म्हणजे पुन्हा कोरडा सराव. आवाज नाही, झटका नाही, म्हणून दचकण्याचं कारण नाही. शेकडो वेळा शांतपणे चाप ओढल्यावर हाताला नवी सवय लागते.

कोरड्या सरावात चापापलीकडेही बरंच येतं: होल्स्टरमधून हत्यार काढणं, मूठ जुळवणं, मॅगझिन बदलणं, अडकलेलं काडतूस काढून टाकण्याच्या हालचाली, आडोशामागून अंग कमीत कमी उघडं ठेवून नेम घेणं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नेम घेऊन चाप न ओढणं. नेम सरळ असूनही बोट चापाबाहेर ठेवून उभं राहणं ही पोलिसाच्या कामाची रोजची गरज आहे, आणि तिचा सराव खऱ्या गोळीनं करताच येत नाही.

जुनी विद्या

इंग्लंडमधल्या हाइथ इथे 1853 साली ब्रिटिश लष्करानं बंदूकबाजीची शाळा काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे घडलेल्या शिक्षणपद्धतीत सैनिकाला एका मिनिटात 300 यार्डांवरच्या लक्ष्यावर .303 रायफलीतून 15 नेमक्या गोळ्या झाडाव्या लागत. ‘मॅड मिनिट’ या नावानं ही कसोटी प्रसिद्ध झाली. ऑगस्ट 1914 मध्ये मोन्सच्या लढाईत या गोळीबाराला तोंड देणाऱ्या जर्मन सैनिकांना समोर मशीनगन असल्याचा भास झाला, असं सांगितलं जातं. ही चपळाई फक्त गोळ्या खर्चून आलेली नव्हती. बराकीत नकली काडतुसं भरून बोल्ट मागे-पुढे करण्याचा आणि चाप दाबण्याचा सराव सैनिक दिवसचे दिवस करत. मैदानावर जायच्या आधी हालचाल हातात मुरलेली असे.

हीच .303 रायफल पुढे स्वतंत्र भारताच्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला 26 जानेवारी 2020 च्या संचलनात निरोप दिला. रायफलीबरोबर तिच्या सरावाची पद्धतही आपल्याकडे आली होती: जोडीनं बसायचं, एकानं नेम घ्यायचा, दुसऱ्यानं बोल्ट ओढून द्यायचा आणि जोडीदाराच्या चुका पाहायच्या. पोलीस प्रशिक्षण केंद्रांत ती अजून शिकवली जाते.

आज ही विद्या सर्वांत निष्ठेनं जपली आहे ती खेळाडूंनी. महाराष्ट्रात यासाठी कोल्हापूरकडे पाहावं. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, स्वप्निल कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. या दर्जाच्या नेमबाजीत कोरडा सराव हा दिनक्रमाचा कायमचा भाग असतो. घरातल्या भिंतीवर ठिपका लावून तासन्‌तास नेम धरणारे नेमबाज देशभर सापडतील. नळीला लावायचे सेन्सर आता नेमाची वाट पडद्यावर रेषेसारखी काढून दाखवतात. चाप ओढण्याच्या क्षणी ती रेषा कुठे थरथरली ते गोळी न झाडताही कळतं.

पोलिसाचं काम खेळाडूपेक्षा वेगळं, हे खरं. त्याचं लक्ष्य हलतं, उलट हल्ला करतं, गर्दीत मिसळतं. पण बोट, मूठ आणि माशी यांचं नातं दोघांनाही सारखंच.

आकडे आणि प्रसंग

पोलिसांच्या किती टक्के गोळ्या लागतात, हे तपासायला बसलं की मन खिन्न होतं. न्यूयॉर्क पोलिसांच्या शस्त्रप्रशिक्षणाचा अभ्यास रँड या संस्थेनं केला आणि 2008 साली तो प्रसिद्ध झाला. 1998 ते 2006 या काळात, समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी 18 टक्के गोळ्या लक्ष्याला लागल्या होत्या. समोरून गोळीबार नसताना हे प्रमाण 30 टक्के होतं. साधनसंपन्न आणि नियमित कसोटी घेणाऱ्या दलाची ही स्थिती.

न लागलेली गोळी हवेत विरून जात नाही. 24 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर अगदी जवळून 16 गोळ्या झाडल्या. तो मेला, पण पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले. त्यानंतर जड चापाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. चाप जड ठेवला की चुकून गोळी सुटण्याची भीती कमी होते, पण नेम राखायला सराव जास्त लागतो. जड चाप द्यायचा आणि सराव वाढवायचा नाही, ही तडजोड शेवटी रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर येते.

काय शिकता येत नाही

कोरड्या सरावाची बाजू घेताना त्याच्या मर्यादा झाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. रिकाम्या पिस्तुलातून झटका कळत नाही. पहिल्या गोळीनंतर उसळलेली नळी पुन्हा लक्ष्यावर आणणं खऱ्या गोळीनंच शिकावं लागतं. आवाज, धूर, अंधार, हेही खऱ्या मैदानावरच. आणि भीती तर कोरड्या सरावात अजिबात नसते.

भीतीवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी महत्त्वाचं काम केलं आहे. राउल उडेयान्स यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोलिसांच्या दोन गटांची तुलना होती. एका गटानं पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव केला, दुसऱ्यानं रंगाच्या गोळ्या उलट झाडणाऱ्या माणसांसमोर. आधी दोन्ही गटांचा नेम दबावाखाली ढासळत होता. सरावानंतर दबावाच्या चाचणीत दुसऱ्या गटाचा नेम टिकला, पुठ्ठ्यावर सराव केलेल्यांचा पुन्हा घसरला. म्हणजे हालचाल पक्की करणं ही पहिली पायरी, ती दबावात टिकवणं दुसरी, आणि झाडायचं की नाही हा निर्णय तिसरी. कोरडा सराव पहिली पायरी भक्कम करतो. उरलेल्या दोन पायऱ्यांसाठी खऱ्या गोळ्या आणि प्रसंगनिष्ठ प्रशिक्षण लागतंच. पण पहिली पायरी कच्ची असेल तर मैदानावरच्या महागड्या गोळ्या चाप ओढायला शिकण्यातच खर्ची पडतात.

आणखी एक मर्यादा आहे. चुकीचा सराव चूकच पक्की करतो. उस्तादाच्या नजरेविना शंभर वेळा ओढलेला चाप शंभर वेळा झटकलेला असू शकतो. म्हणून सुरुवातीचे आठवडे तरी जोडीदार किंवा उस्ताद समोर हवा. एका दिवशी दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी. थकलेलं बोट आळस शिकतं, आणि थोडं-थोडं वाटून केलेला सराव हातात जास्त काळ टिकतो.

रिकाम्या बंदुकीचा धोका

कोरड्या सरावातला सर्वांत मोठा धोका एका वाक्यात सांगता येतो: रिकामं समजलेलं हत्यार रिकामं नसतं. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी घालून दिलेल्या चार नियमांतला पहिला म्हणूनच असा आहे की प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं. उरलेले तीन: जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, माशी लक्ष्यावर आल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही, आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे हे ओळखून मगच झाडायचं.

कोरड्या सरावात माणूस मुद्दाम चाप ओढतो, म्हणून इथे पद्धत आणखी कडक लागते. चांगल्या प्रशिक्षण केंद्रांत ती साधारण अशी असते. सरावाच्या खोलीत एकही खरं काडतूस नसतं, दारूगोळा वेगळ्या खोलीत कुलपात. हत्यार आधी स्वतः तपासायचं, मग जोडीदाराला तपासायला द्यायचं, डोळ्यांनी आणि बोटानंही. नेम धरायची दिशा ठरलेली, मागे गोळी अडवेल अशी भिंत किंवा वाळूच्या पिशव्या. सराव सुरू झाल्याचं मोठ्यानं सांगायचं आणि संपल्याचंही. मधे फोन आला, कुणी हाक मारली, तर सराव तिथेच थांबला असं मानायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासणी.

अपघाताची सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे शेवट. सराव संपतो, हत्यार ड्यूटीसाठी पुन्हा भरलं जातं, आणि हातात ताजी सवय असते. “अजून एकदा” म्हणून ओढलेला चाप या वेळी खट् करत नाही. म्हणून ‘संपलं’ म्हटल्यावर हत्यार ताबडतोब होल्स्टरमध्ये किंवा शस्त्रागारात गेलंच पाहिजे, यावर सगळे जाणते उस्ताद ठाम असतात. ग्लॉकसारखी काही पिस्तुलं सफाईसाठी उघडतानाही चाप ओढावा लागतो. ज्याला तपासणीची सवय नाही त्याच्यासाठी साधी सफाईही धोक्याची. नीट शिकवलेला कोरडा सराव हीच तपासणीची सवय अंगात भिनवतो, आणि तोही त्याचा मोठाच फायदा आहे.

हत्याराचीही काळजी घ्यावी लागते. आजची बहुतेक सेवेची पिस्तुलं आणि रायफली रिकाम्या चापानं बिघडत नाहीत. पण .22 च्या बऱ्याच हत्यारांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि दोन्ही झिजतात. तिथे नकली काडतूस घालणंच योग्य. जुन्या हत्यारांबाबत आर्मररला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

साधनं

बाजारात आज लेझरची नकली काडतुसं, रंगीत प्लॅस्टिकची पिस्तुलं, चापाची हालचाल मोजणारे सेन्सर, मोठ्या पडद्यावर प्रसंग उभे करणारे सिम्युलेटर असं बरंच काही आहे. सिम्युलेटरची खरी ताकद निर्णयाच्या सरावात आहे: पडद्यावरचा माणूस खिशातून पिस्तूल काढतोय की ओळखपत्र, हे ओळखण्यात. पण ते महाग असतात, मुख्यालयात किंवा अकादमीत असतात, आणि तालुक्याच्या ठाण्यातल्या अंमलदाराची पाळी क्वचितच येते. त्याच्यासाठी साधीच साधनं पुरेशी आहेत: एक पुंगळी, भिंतीवर लावलेला कागदी ठिपका, दोन-चार ड्रिल काडतुसं आणि एक जाणता जोडीदार. फायरिंग पिन काढलेल्या, फक्त कवायतीसाठीच्या डीपी रायफली एनसीसीत आणि पोलिसांत असतातच. त्यांवर स्थिती आणि पकड यांचा सराव निर्धास्तपणे होऊ शकतो.

आपल्याकडची गोष्ट

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर महाराष्ट्रात पोलिसांच्या हत्यारांवर खूप बोललं गेलं. तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना हल्लेखोर कसाबची एके-47 पकडून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत हाती लागला. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकते, आणि एका पोलिसावर अशी वेळ यावी याची बोचही राहते. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालात दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे शीघ्र कृती दलाच्या सरावात खंड पडल्याचं समोर आलं. पुढे 2009 साली फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी राहिली, नवी हत्यारं आली. हे व्हायलाच हवं होतं. पण हत्यार एकदाच विकत घ्यावं लागतं, सराव रोज करावा लागतो. खरेदीची बातमी होते, सरावाची होत नाही. म्हणून सराव मागे पडत राहतो.

सामान्य ठाण्यातल्या अंमलदाराचं वर्ष डोळ्यांपुढे आणावं. गणपतीचा बंदोबस्त, वारी, निवडणूक, सभा, मोर्चे, न्यायालयाच्या तारखा, समन्स, तपास, रात्रपाळी. वार्षिक गोळीबार सरावाचा एक दिवस येतो, मोजक्या गोळ्या मिळतात, त्या झाडून, पुंगळ्या मोजून परत द्यायच्या आणि पुन्हा बंदोबस्ताला निघायचं. दोन सरावांच्या मधल्या बारा महिन्यांत चापाला बोट लावायची वेळ येत नाही. हत्यार शस्त्रागारात जमा असतं, घरी नेण्याचा प्रश्नच नाही, आणि तो नसावाच. म्हणून घरी बसून कोरडा सराव करा, हा परदेशी सल्ला आपल्या शिपायाच्या कामाचा नाही. त्याचा सराव ठाण्यात किंवा मुख्यालयातच, ड्यूटीच्या वेळेत व्हायला हवा.

आणि ते शक्य आहे. पहारा बदलताना हत्यारं हातात येतात, तपासली जातात. त्याच वेळी वाळूच्या पिशव्यांच्या भिंतीसमोर, जाणत्या हवालदाराच्या देखरेखीखाली दहा मिनिटं काढता येतील. दहा मिनिटांत वीस वेळा नीट चाप ओढला, आठवड्यातून पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे, तर पाच हजार वेळा होतो. एकाही गोळीचा खर्च नाही. जिल्ह्याच्या राखीव पोलीस निरीक्षकांनी प्रत्येक ठाण्यातला एक अंमलदार यासाठी तयार केला, दर महिन्याला त्याच्याकडून नोंद घेतली आणि वार्षिक गोळीबाराच्या निकालाशी ती ताडून पाहिली, तर वर्षभरात फरक कागदावर दिसेल.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. कोरडा सराव स्वस्त आहे म्हणून खऱ्या गोळ्यांचा कोटा कापण्याचं निमित्त त्यातून मिळता कामा नये. उलट, हात तयार असलेल्या शिपायाला दिलेली प्रत्येक गोळी जास्त काही शिकवते. 2014 साली पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलीस चकमकींच्या चौकशीसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. झाडलेल्या गोळीचा हिशोब समाजाला द्यावा लागतो, हे त्यातून पक्कं झालं. जी गोळी न्यायालयात उत्तर द्यायला बांधील आहे, ती झाडणाऱ्या बोटाला वर्षाला एकच दिवस शिकवणं हा त्या शिपायावरही अन्याय आहे आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक नागरिकावरही.

पोलिसानं गोळी झाडायची वेळ येऊच नये, ही आपली सगळ्यांची इच्छा. बहुतेक अंमलदार सेवानिवृत्तीपर्यंत कुणावर गोळी न झाडता घरी जातात आणि ते चांगलंच आहे. पण जी एक वेळ येते ती सांगून येत नाही, आणि त्या वेळी हाताला जे माहीत असेल तेवढंच कामी येतं. ठाण्याच्या स्टेशन डायरीत रात्रीच्या गस्तीच्या, हजर-गैरहजरीच्या नोंदींशेजारी आणखी एक ओळ रोज पडू लागावी: कोरडा सराव, दहा मिनिटं, चार अंमलदार, हत्यारं दोनदा तपासून जमा. एवढी एक ओळ रोज लिहिली गेली, तर वर्षाअखेरीस मैदानावर पुंगळी पहिल्याच खटक्याला जागच्या जागी उभी राहील.